घरगुती बिअर-फ्रीझरमधील ओल: पाणी कोठून येते आणि ते कसे अडवावे

आडव्या डीप फ्रीझरच्या झाकणाखाली लाकडी चौकट बसवायची, तिच्यातून नळ बाहेर काढायचे, वीजपुरवठा तापमान नियंत्रकामार्फत द्यायचा आणि आत केग (बिअरचे धातूचे पिंप) व गॅसचा सिलिंडर ठेवायचा, एवढ्यावर घरच्या घरी थंड बिअर नळातून घेण्याची सोय होते. हौशी मंडळी या जोडणीला ‘कीझर’ म्हणतात. पहिले काही आठवडे तो निमूटपणे काम करतो. मग एक दिवस केग बदलण्यासाठी झाकण उघडावे, तर कुबट वासाचा भपकारा येतो, तळाशी बोटभर पाणी साचलेले असते, केगच्या रबरी बुडाखाली काळपट बुळबुळीत थर असतो आणि चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत बुरशीचे ठिपके उमटलेले असतात. अशा वेळी बहुतेक जण ओल शोषणाऱ्या पुड्या आणून आत टाकतात. मीही तेच केले आणि दोन महिने पुड्या बदलत बसलो. त्यातून एवढे कळले की शोषक पदार्थ हा या कामातला अगदी शेवटचा हात आहे. पाणी कोणत्या वाटेने आत येते ते शोधून ती वाट बुजवणे हे खरे काम. पुढील मांडणी त्याच क्रमाने केली आहे, आणि हा क्रम उलटा केल्यास श्रम व पैसा दोन्ही वाया जातात.

काम सुरू करण्यापूर्वी दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. आत कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर असतो, हा वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो, आणि कोठे गळती असेल तर तो फ्रीझरच्या खोल पेटीत तळ्यासारखा साचून राहतो. म्हणून तळ पुसण्यासाठी डोके आत घालून वाकण्याआधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करावा, झाकण काही वेळ उघडे ठेवावे, खोलीच्या खिडक्या उघडाव्यात आणि आतील हवा पंख्याने हलवून घ्यावी. नाकात झिणझिण्या आल्या किंवा दम लागल्यासारखे वाटले तर तत्काळ बाजूला व्हावे. दुसरी गोष्ट म्हणजे पेटीच्या भिंतींना किंवा तळाला कधीही भोक पाडू नये आणि बर्फ सुरीने किंवा पेचकसाने खरवडू नये. भिंतींच्या पत्र्यामागे शीतकाच्या, म्हणजे यंत्रात फिरून थंडावा देणाऱ्या द्रव्याच्या, नळ्या असतात. एका चुकीच्या घावाने यंत्र कायमचे निकामी होते, आणि अलीकडच्या अनेक फ्रीझरमध्ये आयसोब्युटेन हे ज्वलनशील शीतक भरलेले असल्याने ही गळती धोकादायकही ठरते.

पाणी दिसू का लागते

डीप फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअस तापमानासाठी घडवलेला असतो. त्या तापमानाला आत शिरलेली वाफ भिंतींवर हिम होऊन बसते आणि महिनोन्महिने तशीच राहते, त्यामुळे पाणी कधी डोळ्यांना दिसतच नाही. बिअरसाठी आपण हेच यंत्र ३ ते ५ अंशांवर चालवतो आणि सगळे गणित बदलते. कॉम्प्रेसर चालू असताना आतला पत्रा शून्याच्या बराच खाली जातो आणि हवेतली वाफ त्यावर हिमाच्या रूपात जमते. कॉम्प्रेसर थांबला की पत्रा हळूहळू शून्याच्या वर येतो, हिम वितळते आणि थेंब ओघळून तळाशी जातात. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये असे वितळलेले पाणी नळीवाटे मागच्या थाळीत उतरते आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जाते. डीप फ्रीझरला अशी आपोआप निचऱ्याची वाट दिलेली नसते. जे आत आले ते आतच फिरत राहते, काही तळाशी साचते, काही पुन्हा हवेत मिसळते आणि पुढच्या फेरीत पुन्हा भिंतीवर बसते.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. ही थंड भिंत म्हणजे आपल्याकडे आधीच असलेला सर्वांत ताकदीचा ओल काढणारा भाग आहे. ती हवेतील वाफ अखंड ओढून घेते. फक्त ओढलेले पाणी बाहेर टाकण्याचे काम तिला जमत नाही, ते आपल्याला करावे लागते.

आधी हिशेब मांडावा

‘सारखे झाकण उघडल्यामुळे पाणी होते’ असे सर्रास सांगितले जाते. ते कितपत खरे आहे हे आकडे मांडून पाहू. ३० अंश तापमानाची पूर्ण दमट हवा एका घनमीटरमागे सुमारे ३० ग्रॅम पाणी धरते, तर ४ अंशांची हवा जेमतेम साडेसहा ग्रॅम. खोलीतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के धरली, तर एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम पाणी असते, आणि ती हवा ४ अंशांपर्यंत थंड झाल्यावर त्यातले साधारण १६ ग्रॅम गळून पडते. फ्रीझर २०० लिटरचा, म्हणजे ०.२ घनमीटरचा असेल आणि झाकण उघडल्यावर आतली सगळीच्या सगळी हवा बदलली असे मानले, तरी पाणी होते ते सव्वातीन ग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्षात निम्मी जागा केगनी व्यापलेली असते, शिवाय थंड हवा जड असल्याने वरून उघडणाऱ्या पेटीत ती बरीचशी जागेवरच बसून राहते. तेव्हा खरा आकडा याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

आता उलट बाजूने पाहावे. आठवड्याला अर्धा लिटर पाणी निघत असेल, तर केवळ झाकण उघडण्याने ते होण्यासाठी दीडशे वेळा आतली हवा संपूर्ण बदलावी लागेल. एवढे कोणी उघडत नाही. याउलट एखाद्या फटीतून मिनिटाला केवळ एक लिटर बाहेरची हवा आत येत असेल, तर दिवसाला सुमारे दीड घनमीटर हवा आत जाते आणि ती जवळपास २४ ग्रॅम पाणी मागे सोडते; आठवड्याला दीडशे ग्रॅमपेक्षा जास्त. मिनिटाला एक लिटर म्हणजे हाताला जाणवणारही नाही इतकी हवा. फट लहान असते, पण ती चोवीस तास उघडी असते.

म्हणून पहिले प्रत्यक्ष काम मोजणीचे. फ्रीझर पूर्ण कोरडा करावा, एक सुका सुती कपडा वजन करून बाजूला ठेवावा, फ्रीझर नेहमीसारखा सात दिवस चालवावा आणि आठव्या दिवशी भिंती व तळ त्याच कपड्याने पुसून त्याचे वजन पुन्हा करावे. स्वयंपाकघरातील वजनकाटा यासाठी पुरतो. भिंतीवर हिम असेल तर ते वितळू देऊन मग पुसावे. माझ्या अनुभवाने दमट हवेतही चांगल्या बंद होणाऱ्या फ्रीझरमध्ये हा आकडा ३०-४० ग्रॅमच्या वर जात नाही. शंभरच्या पुढे गेला तर फट आहे किंवा काहीतरी गळते आहे असे समजून चालावे.

पाणी आहे की बिअर

तळाशी साचलेले द्रव्य दवाचेच असते असे नाही. केगच्या जोडणीतील झिजलेले ओ-रिंग (गोल रबरी कडे), सैल बसलेला क्लॅम्प किंवा नळाकडे जाणाऱ्या नळीचा ढिला सांधा यांतून बिअर थेंबथेंब ठिबकते, तळाच्या पाण्यात मिसळून पातळ होते आणि चटकन ओळखू येत नाही. यासाठी एक साधी चाचणी पुरते. तळाच्या द्रवाचे चार-पाच थेंब पांढऱ्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बशीवर टाकून रात्रभर वाळू द्यावेत. नुसते दव असेल तर सकाळी बशीवर जवळजवळ काही उरत नाही. बिअर मिसळलेली असेल तर पिवळसर कड असलेले वर्तुळ उरते आणि ओल्या बोटाने चोळल्यास ते चिकट लागते. असे वर्तुळ दिसले तर आधी प्रत्येक जोडणी कोरड्या टिश्यूने पुसून, तासाभराने त्याच टिश्यूने पुन्हा दाबून पाहावे आणि ओली होणारी जागा दुरुस्त करावी. गॅसच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का, हेही याच वेळी पाहून घ्यावे. साखर आणि प्रथिने असलेल्या बिअरवर बुरशी नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी वेगाने वाढते, त्यामुळे ही गळती तशीच ठेवून पुढचे उपाय करण्यात अर्थ नाही.

फटींचा शोध

सर्वांत आधी पाहावे ते तळाच्या निचऱ्याचे भोक. आडव्या डीप फ्रीझरला बर्फ वितळल्यावर पाणी काढण्यासाठी तळाशी एक भोक असते. त्याला आतून एक बूच आणि बाहेरून टोपण असते. आतली थंड हवा जड असते, ती खालच्या भोकातून पाण्यासारखी ओघळून बाहेर पडते, आणि तिच्या जागी वरच्या फटींतून खोलीतली उबदार, दमट हवा ओढली जाते. वर आणि खाली अशी दोन तोंडे उघडी असली की हा प्रवाह आपोआप, अखंड चालू राहतो. माझ्या दोन महिन्यांच्या पुड्या याच भोकाने खाल्ल्या. धुताना काढलेले बूच मी रेग्युलेटरच्या डब्यात ठेवले होते आणि ते तिथेच राहिले होते. फ्रीझर भिंतीपासून ओढून गुडघ्यावर बसलो, तेव्हा भोकासमोर धरलेल्या हाताला गार झुळूक लागली. बूच बसवल्यावर पुढच्या आठवड्यात कपड्याने टिपलेले पाणी एक चतुर्थांशावर आले. बूच कडक झाले असेल तर रबराचे नवे बसवावे. कापडाचा बोळा कोंबू नये, कारण तो ओला होऊन स्वतःच बुरशीचे घर होतो.

त्यानंतर झाकणाची गॅस्केट, म्हणजे झाकणाच्या कडेने फिरणारी रबरी पट्टी. कागदाची अरुंद पट्टी झाकण आणि चौकट यांच्यामध्ये ठेवून झाकण बंद करावे आणि पट्टी ओढून पाहावी. ती अडकून प्रतिकार करत आली तर तिथली पकड चांगली, सरळ निसटली तर तिथे फट आहे. दर दहा सेंटिमीटरवर ही चाचणी करून निसटत्या जागी पेन्सिलीने खूण करावी. दुसरी चाचणी रात्री करता येते: प्रखर टॉर्च आत लावून झाकण बंद करावे, खोलीत अंधार करावा आणि सभोवार फिरून उजेडाची रेघ कोठे दिसते ते पाहावे. बिजागऱ्यांची मागची बाजू, चौकटीचे चार कोपरे आणि नळांच्या भोवतीची भोके येथे ती हमखास सापडते. उजेड दिसत नाही तेथे हवा जातच नाही असे नव्हे, पण उजेड दिसतो तेथे ती नक्की जाते. ज्योत किंवा धूर वापरून फटी शोधण्याचा सल्ला काही जण देतात. ज्वलनशील शीतकाच्या यंत्राजवळ मी तो देणार नाही.

गॅस्केटच्या बाबतीत घरगुती जोडणीत एक चूक वारंवार होते. अनेक गॅस्केटमध्ये चुंबकाची पट्टी असते आणि मुळात ती फ्रीझरच्या लोखंडी काठाला चिकटते. चौकट पेटीवर पक्की बसवली की त्याच गॅस्केटला लाकडावर टेकावे लागते, आणि लाकडाला चुंबक धरत नाही. वरवर पाहता झाकण नीट बसलेले दिसते, पण त्याला खाली धरून ठेवणारे काही उरत नाही. यावर उपाय सोपा आहे: चौकटीच्या वरच्या काठावर गंजरोधक लेप असलेल्या लोखंडी पत्र्याची पातळ सपाट पट्टी सलग चिकटवावी आणि कोपऱ्यांतले सांधे सिलिकॉनने भरावेत. गॅस्केट जागोजागी चपटी झाली असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा दुरून देऊन ती मऊ करावी आणि बोटांनी पुन्हा आकारात आणावी. फाटली असेल तर बदलावी.

चौकट आणि पेटी यांच्यामधला सांधा कायमचा करायचा असेल तर सलग सिलिकॉनची रेघ घालावी. चौकट कधीतरी काढता यावी असे वाटत असेल तर बंद छिद्रांच्या रबराची पट्टी लावावी; स्पंजासारखी खुल्या छिद्रांची पट्टी हवाही सोडते आणि पाणीही धरते. नियंत्रकाच्या संवेदकाची तार आणि पंख्याची तार गॅस्केटखालून दाबून नेण्याऐवजी चौकटीला लहान भोक पाडून त्यातून न्यावी आणि भोक न वाळणाऱ्या पुट्टीने दोन्ही बाजूंनी बुजवावे. बारीक तारसुद्धा गॅस्केटला दोन्ही बाजूंनी उचलून धरते आणि चांगली दोन-तीन सेंटिमीटर लांबीची फट तयार करते.

लाकडी चौकट

ओलीचा सर्वांत मोठा फटका चौकटीलाच बसतो, कारण पेटीच्या भिंतींत इन्सुलेशन असते आणि चौकटीत आपण घालू तेवढेच. उघडे लाकूड बाहेरच्या दमट हवेतून वाफ शोषते आणि ती आतल्या थंड बाजूकडे सरकवते. म्हणून लाकडाला सर्व बाजूंनी, विशेषतः कापलेल्या टोकांना आणि नळासाठी पाडलेल्या भोकांच्या आतल्या कडांना, पॉलियुरेथेन वार्निशचे किंवा ऑइल पेंटचे दोन-तीन हात द्यावेत. यात बाहेरच्या बाजूचा लेप अधिक महत्त्वाचा आहे. वाफ नेहमी उबदार दमट बाजूकडून थंड कोरड्या बाजूकडे जाते, तेव्हा तिला दारातच अडवणे शहाणपणाचे. केवळ आतून लेप देऊन बाहेरून लाकूड तसेच ठेवले, तर वाफ लाकडात शिरते आणि आतल्या लेपामागे अडकून कुजवत बसते.

आतून २५ ते ५० मिलिमीटर जाडीचा, बंद छिद्रांचा कडक फोम लावावा. तो चार ठिपके गोंद लावून टेकवू नये. संपूर्ण पृष्ठभागावर गोंद पसरून दाबून बसवावा, कारण फोम आणि लाकूड यांच्यामध्ये हवेची पोकळी राहिली तर फटीतून आलेली वाफ तिथेच दव होते आणि महिनोन्महिने दिसत नाही. फोमच्या तुकड्यांमधील सांधे आणि कडा ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद कराव्यात. नळाचा धातूचा दांडा फोममधून जातो तेथे थोडी मोकळी जागा राहतेच. ती फोमच्या चकतीने किंवा सिलिकॉनने भरावी.

दमट दिवसांत नळांवर बाहेरून दव धरते ते मात्र वेगळे प्रकरण आहे. दांड्याचा धातू आतला गारवा बाहेर आणतो, म्हणून नळ थंड राहतो आणि खोलीतली वाफ त्यावर जमते. त्यासाठी खाली थाळी ठेवावी; नळ थंड असणे पहिल्या ग्लासच्या फेसाच्या दृष्टीने चांगलेच असते. चौकटीचे लाकूड बाहेरून ओलसर लागत असेल तर मात्र तिथे इन्सुलेशन अपुरे किंवा सुटलेले आहे, आणि फोम उचलून पाहिला पाहिजे.

एकदा पूर्ण कोरडे करणे

फटी बुजवल्यावर आत अडकलेले जुने पाणी बाहेर काढावे. प्लग काढावा, गॅस बंद करावा, केग आणि सिलिंडर बाहेर घ्यावेत. एका दिवसासाठी केग थंड जागी ठेवल्याने बिअर बिघडत नाही. हिम असेल तर झाकण उघडे ठेवून आपसूक वितळू द्यावे. घाई असेल तर कोमट पाण्याचे पातेले आत ठेवून झाकण टेकवावे. मग निचऱ्याचे बूच काढून पाणी सोडावे आणि उरलेले स्पंजने टिपावे. कॉम्प्रेसरवरचा उंचवटा आणि तळ जेथे मिळतात तो कोपरा, तसेच गॅस्केटच्या घड्या, या दोन ठिकाणी पाणी लपून राहते. घड्यांसाठी जुना टूथब्रश उपयोगी पडतो.

बुरशी असेल तर कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुऊन, त्यानंतर ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड फवारून दहा मिनिटांनी पुसावे. वासासाठी लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा पुरेसा आहे. क्लोरीनचे ब्लीच मी या कामातून वगळतो, कारण ते केगच्या स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडते. आणि ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा कोणत्याही आम्लात मिसळल्यास विषारी वायू निघतो, तेव्हा ते दोन्ही एकत्र कधीच वापरू नये. लाकडात मुरलेली बुरशी पुसून जात नाही. लाकूड पूर्ण वाळवून, मास्क लावून घासकागदाने वरचा थर काढून पुन्हा लेप द्यावा. शेवटी झाकण उघडे ठेवून आत पंखा सोडावा आणि किमान एक पूर्ण दिवस तसाच चालू द्यावा. घरात लहान मुले असतील तर या काळात झाकण अधांतरी उघडे ठेवून निघून जाऊ नये. ते काढून ठेवणे उत्तम.

पंखा आणि नियंत्रक

आडव्या पेटीत थंडी तळाशी बसते आणि चौकटीजवळची हवा कित्येक अंश उबदार राहते. संगणकात वापरतात तसा १२ व्होल्टचा, १२० मिलिमीटरचा पंखा तळापासून वर हवा फेकत ठेवला की हा फरक बराच कमी होतो, नळांकडच्या नळ्या थंड राहतात आणि ओलही एका कोपऱ्यात साचून न राहता थंड भिंतीपर्यंत पोहोचते. पंख्याचा ॲडॉप्टर बाहेर ठेवावा आणि कमी व्होल्टची तार तेवढी आत न्यावी. पंख्याचे तोंड चौकटीच्या सांध्याकडे नसावे, कारण उरलीसुरली फट असेल तर तो तिच्यातून हवेची ये-जा वाढवतो. आणि पंखा ओल काढत नाही, ती फिरवतो. हे न समजल्याने बरेच जण पंखा लावून स्वस्थ बसतात.

नियंत्रकाचा संवेदक नुसता हवेत लोंबकळत ठेवला तर झाकण उघडताच कॉम्प्रेसर सुरू होतो आणि थोड्याच वेळात बंद पडतो. तो केगच्या मध्यावर चिकटपट्टीने लावून वरून फोमचा तुकडा बांधावा, म्हणजे तो बिअरचे तापमान मोजतो. तापमान ३ ते ४ अंश, फरक (कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्याआधी तापमान किती चढू द्यायचे तो) १ ते दीड अंश आणि दोन फेऱ्यांमधील विलंब किमान ५ मिनिटे ठेवावा. फेऱ्या कमी पण लांब झाल्या की भिंतीवर हिम जास्त जमते आणि मधल्या काळात ते पूर्ण वितळून खाली येते. आपल्याला तेच हवे आहे, कारण खाली आलेले पाणी पुसून बाहेर काढता येते. भिंतीच्या पायथ्याशी मायक्रोफायबरच्या घडी केलेल्या पट्ट्या ठेवाव्यात आणि दर आठवड्याला त्या पिळून, वाळवून परत ठेवाव्यात. दिसायला हा उपाय अगदीच साधा आहे, पण एकदा पिळण्यात निघणारे पाणी भल्या मोठ्या शोषक पुडीच्या तोडीचे असते.

शोषक पदार्थ

आता कोठे पुड्यांची पाळी येते. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण २० टक्के पाणी सहज घेते, आर्द्रता फार जास्त असेल तर त्याहून अधिक. म्हणजे अर्धा किलो जेल सुमारे १०० ग्रॅम पाणी धरते. वर मांडलेल्या हिशेबातली, दिवसाला २४ ग्रॅम पाणी आणणारी फट तशीच राहिली तर हा साठा चार दिवसांत संपतो; फट बुजवली तर तोच साठा कित्येक आठवडे पुरतो. रंग बदलणारे जेल घेताना निळ्याऐवजी नारिंगी घ्यावे, कारण निळ्या रंगासाठी विषारी कोबाल्ट क्लोराइड वापरतात. भरलेले जेल पसरट ताटात ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन-तीन तास ठेवले की पुन्हा वापरता येते. त्याहून जास्त तापवल्यास रंगद्रव्य बिघडते.

कॅल्शियम क्लोराइडचे डबे स्वस्त असतात आणि पाणीही पुष्कळ ओढतात, परंतु त्यांच्यात शेवटी खारट द्रावण साचते. ते सांडले तर पत्रा गंजतो आणि केगच्या स्टीललाही बाधते. वापरायचेच असतील तर ते खोलगट प्लास्टिकच्या भांड्यात, केग उचलताना धक्का लागणार नाही अशा जागी ठेवावेत. पेल्टियर पद्धतीची, म्हणजे विजेने थंड होणाऱ्या पट्टीवर ओल जमवणारी लहान यंत्रे मात्र या कामाची नाहीत: हवा आधीच ४ अंशांची असल्याने त्यांच्या थंड पट्टीवर बर्फ धरतो, पाणी नगण्य निघते, आणि त्यांची उष्णता बाहेर टाकायला कॉम्प्रेसरला जास्त चालावे लागते.

परिणाम पाहण्यासाठी आत एक डिजिटल आर्द्रतामापक ठेवावा, पण त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. लहानशा झाकणात मीठ घेऊन त्यात ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घालावे, ते आणि मापक एका हवाबंद पिशवीत बारा तास खोलीच्या तापमानाला ठेवावेत. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवेत. जेवढा फरक दिसेल तेवढा पुढच्या प्रत्येक आकड्यात धरावा. कॉम्प्रेसर सुरू असताना आकडा खाली जातो आणि हिम वितळताना वर चढतो, म्हणून एका वेळची नोंद निरुपयोगी असते. दिवसभराचा चढउतार ५० ते ६५ टक्क्यांच्या दरम्यान राहिला तर बुरशीला फारसा वाव राहत नाही.

रोजच्या वापरात

वाट बुजवल्यानंतर पाणी आत येते ते बहुधा आपल्याच हातून. केग काही कामासाठी बाहेर काढला की मिनिटभरात त्याला घाम सुटतो, आणि तो तसाच परत ठेवला तर ते सगळे पाणी आत जाते. ठेवण्यापूर्वी बुडासकट पुसावा. नळ्या धुतल्यावर जोडणीच्या टोकांतून निथळणारे पाणी टिपून घ्यावे. आंबवणीचे भांडे त्याच फ्रीझरमध्ये ठेवले असेल तर त्यातून बाहेर पडणारा वायू वाफही घेऊन येतो, हे हिशेबात धरावे. केग आणि लोखंडी सिलिंडर थेट तळावर न ठेवता प्लास्टिकच्या जाळीवर ठेवावेत, म्हणजे खाली हवा खेळते आणि सिलिंडरचे बूड गंजत नाही. सिलिंडर मात्र जाळीवर डुगडुगणार नाही असा पट्ट्याने बांधून घ्यावा.

फ्रीझर महिनाभर किंवा जास्त काळ बंद ठेवायचा असेल, तर तो कोरडा करून, झाकणाखाली दोन बोटे जाडीचा ठोकळा घालून आणि निचऱ्याचे बूच काढून ठेवावा. ते बूच झाकणालाच दोरीने बांधून ठेवावे.